पांढऱ्या पेशी 24,100: घाबरण्याआधी कुठल्या पेशी वाढल्या ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. वडील 66 वर्षांचे, देवगड तालुक्यात राहतात, आंब्याची कलमं आहेत. एप्रिलअखेरीस चार दिवस ताप आला म्हणून रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी 23,400. ताप गेला, पण पेशी उतरेनात म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासलं, तर 24,100. बाबा ठणठणीत आहेत, जेवतात, बागेत जातात. शेजारच्या कोणीतरी 'ब्लड कॅन्सर असेल' म्हटलं आणि डोंबिवलीत बसून तुमची झोप उडाली. तुमचे प्रश्न चार: हा कॅन्सर आहे का, लगेच मुंबईला आणू का, कलमांवरच्या फवारणीमुळे झालं का, आणि बाबांना सांगू का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कोकणातल्याच एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षं लॅब चालवतो. रुग्ण न बघता निदान करता येत नाही, आणि मी ते करतही नाही. पण तुम्ही दोन्ही रिपोर्ट पूर्ण लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त वरचा आकडा कळवतात, आणि त्या आकड्याला एकट्याने काही अर्थ नसतो.

आमच्याकडे लोक विचारतात, 'डॉक्टरानू, रगतात पू झालो काय?' पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शन, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की कधीकधी डॉक्टरही त्यातून बाहेर येत नाहीत. पण 'पांढरी पेशी' नावाची एक पेशी नसतेच. पाच वेगवेगळ्या जातींना मिळून दिलेलं ते एकच नाव आहे. बंदरावर 'आज मासळी किती आली' विचारलं आणि कोणी 'दोन टन' म्हणालं, तर त्यातून काय कळतं? बांगडा आला की सुरमई की नुसता कचरा, ते विचारायला नको का? न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल, प्रत्येकीचं काम वेगळं, वाढण्याची कारणं वेगळी. प्रौढ माणसात सगळ्या मिळून एका घन मिलिमीटर रक्तात साधारण 4,000 ते 11,000. त्यात न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त, त्याखालोखाल लिम्फोसाइट.

आता बाबांचा रिपोर्ट उघडा आणि टक्केवारीच्या ओळी बघा. एप्रिलमध्ये लिम्फोसाइट 72 टक्के, न्यूट्रोफिल 22 टक्के. टक्क्यांवर थांबू नका, एकूण आकड्याशी गुणा. 23,400 चे 72 टक्के म्हणजे 16,848 लिम्फोसाइट. नॉर्मलची वरची हद्द साधारण 4,000. न्यूट्रोफिल किती? 23,400 चे 22 टक्के, म्हणजे 5,148. नॉर्मल. जूनमध्ये लिम्फोसाइट 17,834 आणि न्यूट्रोफिल 4,820. पुन्हा नॉर्मल.

जिवाणूंशी लढायला धावतात त्या प्रामुख्याने न्यूट्रोफिल. त्या बाबांच्या कधी वाढल्याच नव्हत्या. मग अँटिबायोटिकने उतरणार काय? तीन कोर्स वाया गेले ते त्यामुळे. तुमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. कोकणात काम करणाऱ्याच्या डोक्यात लेप्टो, म्हणजे पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिसचा ताप, कायम बसलेला असतो. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखतायत, पेशी 20,000 असं दिसलं आणि औषध द्यायला दोन दिवस उशीर झाला, तर किडनी आणि लिव्हर दोन्ही जाऊ शकतात. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला की हात डॉक्सीकडे, म्हणजे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिककडे जातो, आणि जुलैत तो जायलाच हवा. पण लेप्टोमध्ये वाढतात त्या न्यूट्रोफिल, बऱ्याचदा 80-85 टक्क्यांच्या वर, आणि सोबत प्लेटलेट पडतात. बाबांच्या प्लेटलेट 1,90,000 आहेत, आणि दोन महिन्यांत माणूस आजारी दिसत नाही. हे चित्रच वेगळं आहे.

हा गुणाकार उलट्या बाजूनेही उपयोगी पडतो. दर पावसाळ्यात माझ्याकडे कोणीतरी 'लिम्फोसाइट 60 टक्के, लाल अक्षरात' असा रिपोर्ट घेऊन रडकुंडीला येतं. एकूण पेशी 5,000 असतात. म्हणजे लिम्फोसाइट 3,000, पूर्ण नॉर्मल. डेंगी किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूने न्यूट्रोफिल कमी झाल्या म्हणून टक्का वर दिसतो. आणि चार वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट असेल तर 55-60 टक्के लिम्फोसाइट ही त्या वयाची रीतच आहे. छापील रिपोर्टवर मोठ्या माणसांच्या मर्यादा असतात, मशीन बिचारं लाल करून मोकळं होतं.

मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेशी मोजायची मूळ युक्ती वॉलेस कूल्टरची, 1953 सालचं पेटंट. एका बारीक भोकातून एकेक पेशी जाते, विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, तो अडथळा मोजायचा. अडथळा मोठा तर पेशी मोठी. लहान गावातल्या बहुतेक लॅबमध्ये असतं ते मशीन पेशींना आकारावरून तीन ढिगांत टाकतं: लहान, मधल्या, मोठ्या. लहान ढिगाला ते 'लिम्फोसाइट' म्हणतं. पण मशीनने पेशीचा चेहरा पाहिलेला नसतो. ल्युकेमियाच्या अपक्व पेशी, ज्यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो, त्याही कधीकधी मशीन लिम्फोसाइटमध्ये ढकलतं. प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर त्यांनाही पांढऱ्या पेशी समजून मोजतं. म्हणून आकडा विचित्र आला की स्लाइड करून माणसाने डोळ्यांनी बघायची, याला पर्याय नाही. तुमच्या दोन्ही रिपोर्टांवर स्मिअरबद्दल, म्हणजे या स्लाइडबद्दल, एक ओळही नाही. मला खटकलेली गोष्ट ती आहे, 24,100 हा आकडा नाही.

स्लाइड म्हणजे काय ते सांगतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या पट्टीच्या कडेने एका झटक्यात ओढायचा, जिभेच्या आकाराचा पातळ थर पडतो. सुकला की लीशमनचा रंग. ऐकायला सोपं. जुलैमध्ये देवगडच्या हवेत करून बघा! थर सुकतच नाही, आणि हळू सुकला की लाल पेशींना भोकं पडल्यासारखी दिसतात, पांढऱ्या आक्रसतात. माझा टेक्निशियन पावसाळाभर टेबलावर केस वाळवायचं मशीन ठेवतो. मायक्रोस्कोपची लेन्स रात्री बल्ब लावलेल्या खोक्यात जाते, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. त्यात वाडीवरून सकाळी नऊला घेतलेलं रक्त एसटीने, मग कोणाच्या तरी स्कूटरवरून दुपारी तीनला येतं, तोवर पेशी सुजलेल्या. म्हणून असा संशय असेल तर माणसाला लॅबमध्ये आणा, रक्त तिथेच घ्या, स्लाइड तासाभरात करायला सांगा.

बाबांच्या स्लाइडमध्ये मी काय शोधेन? पहिलं म्हणजे ब्लास्ट आहेत का. त्या नसतील आणि एकसारख्या दिसणाऱ्या, लहान, प्रौढ लिम्फोसाइटची रांग लागलेली असेल, तर पुढची शंका येते. त्या पेशींचं केंद्रक एप्रिलात सुकून भेगा पडलेल्या भाताच्या खाचरासारखं दिसतं, गडद ढेकळं आणि मधे फटी. आणि मधूनमधून पुसलेले डाग: पेशी फुटून केंद्रक फरफटलेलं, भिजलेल्या पेपरवर शाई पसरावी तसं. यांना स्मज सेल म्हणतात. धंद्यात नवा होतो तेव्हा असे डाग दिसले की मी टेक्निशियनवर डाफरायचो, 'स्लाइड नीट ओढ!' एका आजोबांच्या स्लाइड तीनदा करून घेतल्या, तिन्ही वेळा डाग. मग शहाणपण सुचलं. अल्ब्युमिनचा एक थेंब रक्तात मिसळून स्लाइड केली, डाग जवळजवळ गेले आणि त्या जागी अख्ख्या लिम्फोसाइट दिसल्या. पेशीच नाजूक होत्या, ओढणाऱ्याचा हात बरोबर होता. टेक्निशियनची माफी मागितली. तो आजही ते काढून दाखवतो.

त्या आजोबांना होता तो आजार म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो: 66 वर्षांच्या माणसात, ताप नसताना, दोन महिने लिम्फोसाइट 16-17 हजारांवर टिकून आहेत, तर माझ्या यादीत पहिलं नाव हेच येतं. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा हा आजार बराच कमी दिसतो, पण दिसतो. नावात ल्युकेमिया आहे आणि वर्गीकरणात तो कॅन्सरच आहे. तेव्हा शेजाऱ्याचा शब्द चुकलेला नसेलही. पण त्या शब्दाने तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र आलं, ते बहुधा चुकीचं आहे.

'ब्लड कॅन्सर' म्हटलं की लोकांना आठवतो तो अक्यूट ल्युकेमिया. हिरड्यांतून रक्त, पांढरंफटक पडलेलं पोर, प्लेटलेट वीस हजार, आठवड्यात सगळं संपतं की काय अशी धावपळ. ती खरंच धावपळीची गोष्ट आहे. असा रिपोर्ट दिसला तर मी संध्याकाळपर्यंत थांबत नाही, फोन करून त्याच रात्री गाडीत बसवतो. त्यातल्या एका प्रकारात तर रक्तस्रावाने पहिल्या काही दिवसांतच जीव जायचा धोका असतो, आणि वेळेत औषध पोचलं तर तोच प्रकार बरा होण्याची शक्यता सगळ्यात चांगली. सीएलएल त्याच्या दुसऱ्या टोकाला. कित्येक जणांना वर्षानुवर्षं एकही गोळी लागत नाही. बहुतेक वेळा तो असाच, दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त तपासताना सापडतो: मोतीबिंदूच्या आधी, हर्नियाच्या आधी, किंवा तुमच्या बाबांसारखा चार दिवसांच्या तापात.

यावरून एक काम आजच करा. बाबांचे जुने रिपोर्ट शोधा. गेल्या पाच-सात वर्षांत कधीतरी ऑपरेशन, कॅम्प, विम्याची तपासणी झाली असेल. पत्र्याच्या ट्रंकेत नाहीतर देवघराच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ते कागद असतात. 2021 सालीच पेशी 14,000 आणि लिम्फोसाइट 60 टक्के निघाल्या, तर आजार तेव्हापासून हळूहळू चाललाय हे कळेल, आणि तो एक जुना कागद तुम्हाला दहा नव्या टेस्टपेक्षा जास्त सांगेल. त्या वेळी सगळं नॉर्मल असेल तर वाढ अलीकडची आहे, आणि वेग मोजायला हवा.

निदान पक्कं कसं होतं? सीएलएल म्हणायला एकाच वंशाच्या बी-लिम्फोसाइट, म्हणजे एकाच पेशीची पिल्लावळ, 5,000 च्या वर आणि किमान तीन महिने असाव्या लागतात. 'एकाच वंशाच्या' हे महत्त्वाचं. विषाणूच्या तापात वाढणाऱ्या लिम्फोसाइट नाना घरच्या असतात, जत्रेतल्या गर्दीसारख्या. आणि काही आठवड्यांत पांगतात. इथे एकाच घरातली माणसं आहेत का ते ओळखायला फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी आहे. पेशीच्या अंगावरच्या खुणा, सीडी5, सीडी19, सीडी23 अशा, रंग लावून लेझरने वाचतात. ती साध्या हाताच्या रक्तावर होते, जांभळ्या बुचाची एक नळी पुरते. खर्च काही हजारांत. हाडातून मगज काढायची सुई या निदानाला सहसा लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या सुईच्या भीतीने लोक तपासणीच टाळतात.

म्हणजे बाबांना या पावसात मुंबईला आणायची घाई नाही. घाटातले रस्ते, गाड्यांचं जुलैतलं वेळापत्रक हे सगळं सोसून पळवून आणण्याइतकं या दोन रिपोर्टांत काही नाही. कणकवली किंवा रत्नागिरीला रक्त घेऊन नमुना मुंबईला पाठवणाऱ्या लॅब आहेत. दोन गोष्टी सांभाळा: नळी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि शनिवारी रक्त द्यायचं नाही, नाहीतर रविवारभर नमुना कुठेतरी पडून राहतो. पेशी जिवंत असताना, चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत पोचायला हव्यात. पहिल्या रिपोर्टपासूनचे तीन महिने जुलैअखेर भरतात. तेव्हा तिसरा सीबीसी (रक्तपेशींची हीच मोजणी), स्लाइड आणि फ्लो, हे एकत्रच करून घ्या.

मग एकदा रक्तविकारतज्ज्ञांना, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना, जरूर दाखवा. परळला केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे. पण देवगडहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा खूपच जवळ पडतं, हे डोंबिवलीकरांच्या लक्षात येत नाही. पुढे दर तीन-सहा महिन्यांनी जायचं झालं तर हे अंतरच ठरवेल की बाबा नियमाने जातील की टाळतील.

हे सगळं कशावर अवलंबून आहे? मी धरून चाललोय की स्लाइडमध्ये ब्लास्ट नाहीत, हिमोग्लोबिन तुम्ही लिहिलंय तसं 12.6 च आहे, आणि मानेत-काखेत-जांघेत मोठ्या गाठी नाहीत, डाव्या बरगडीखाली पानथरी (प्लीहा) हाताला लागत नाही. हे तुमच्या गावच्या डॉक्टरांनी हाताने तपासून सांगायचं आहे, पाच मिनिटांचं काम. यातलं काही वेगळं निघालं तर माझं 'घाई नाही' मागे घेतो. हिमोग्लोबिन 10 च्या खाली घसरत असेल, प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या, लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरलं, इन्फेक्शन नसताना दोन आठवडे ताप राहिला, तर उपचार सुरू करायची चर्चा होते. पुस्तकात 'रात्री कपडे भिजवणारा घाम' असंही एक लक्षण आहे. आता कोकणात मे महिन्यात हा प्रश्न विचारून काय उपयोग? मी विचारतो, 'डिसेंबरात, पंखा बंद असताना बनियन बदलावी लागते का?'

उपचाराची वेळ आलीच तरी दिवस पालटलेत. माझ्या शिक्षणाच्या काळात क्लोराम्ब्युसिल होतं, फारसं काही नाही. 2014 आणि 2016 मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी मान्यता मिळालेल्या इब्रुटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स या गोळ्यांनी चित्र बदललं. पण लक्षणं नसताना लवकर औषध सुरू केलं म्हणून माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही. म्हणून नुसतं लक्ष ठेवायचं. 'काही करत नाही' म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका. शेवटी उगाच औषध देणारा कोणीतरी भेटतोच.

थोडं विषय सोडून, एवढ्या वाढलेल्या पेशी दुसऱ्या कशाने असू शकतात तेही सांगतो. मासे विकणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार एवढीच, 'दोन घास खाल्ले की पोट भरतं.' पेशी 1,86,000. पानथरी बेंबीपर्यंत. स्लाइडवर न्यूट्रोफिलची सगळी कुळं, बाळापासून आजोबांपर्यंत, आणि बेसोफिल भरपूर. ही सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, नाव सीएलएलच्या शेजारचं पण आजार पूर्ण वेगळा. तिच्या मुळाशी दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. नोवेल आणि हंगरफर्ड यांनी 1960 मध्ये ते छोटं गुणसूत्र पाहिलं, जॅनेट रावलींनी 1973 मध्ये अदलाबदल ओळखली, आणि त्यातून घडलेल्या प्रथिनावर बेतलेली इमॅटिनिब ही गोळी 2001 मध्ये आली. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आज भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळते. ताई रोज एक गोळी घेतात आणि अकरा वर्षं झाली, बाजारात बसतात. मला भाव मात्र सोडत नाहीत.

दुसरा एक खलाशी, हर्णै बंदराचा. रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याची उबळ, सहा महिने दमा म्हणून पंप, मग कोणीतरी टीबी म्हणालं. पेशी 32,000, त्यात 58 टक्के इओसिनोफिल. म्हणजे साडेअठरा हजार! हत्तीरोगाच्या जंतांना फुप्फुसाने दिलेली ती तिखट प्रतिक्रिया होती. अशा रुग्णाच्या रक्तात जंत सापडतही नाहीत, पण त्यावरच्या डायइथिलकार्बामाझिनने आठवड्याभरात खोकला बसला. तिघांच्याही रिपोर्टवर 'पांढऱ्या पेशी वाढलेल्या' हीच ओळ होती.

उलट्या बाजूचंही एक वाक्य: दोडामार्ग-सावंतवाडीकडे काजूच्या बागेत जाणाऱ्याला ताप आला आणि पेशी 2,000 वर आल्या, तर माकडताप डोक्यात ठेवा. 2016 पासून तो सिंधुदुर्गात आहे. गोचीड चावली का आणि आसपास माकडं मेली का, हे विचारायचं.

फवारणीचा प्रश्न. कीटकनाशकांशी शेतकऱ्यांचा दीर्घ संबंध आणि लिम्फोसाइटचे कॅन्सर यांचा थोडाफार दुवा काही अभ्यासांत दिसतो. पण तुमच्या बाबांना त्यामुळेच झालं का, हे कोणी सांगू शकत नाही. ज्यांनी आयुष्यात पंप पाठीला लावला नाही त्यांनाही हा आजार होतो, आणि वय हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. मोहोर आल्यावर फवारणी गड्याकडून करून घ्या, पण त्या गड्यालाही मास्क आणि हातमोजे द्या. उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून फवारणारे मी दर हिवाळ्यात बघतो.

गुडघ्यासाठी ते एका वैदूची पुडी घेतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने पेशी वाढतात खऱ्या, पण वाढतात न्यूट्रोफिल. लिम्फोसाइट उलट कमी होतात. तेव्हा या आकड्याचा दोष पुडीवर जात नाही. तरी पुडी डॉक्टरांना दाखवा. कित्येक महिने घेत असतील तर एका दिवसात तोडू नका, स्टेरॉइड अचानक बंद केलं की माणूस कोसळू शकतो. आणि प्रतिकारशक्तीसाठी म्हणून गुळवेलीचे काढे सुरू केले असतील तर ते बंद करा. त्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतच नोंदवले गेले आहेत.

खरी काळजी घ्यायची ती इन्फेक्शनची. सीएलएल निघाला तर त्या सतरा हजार लिम्फोसाइट नुसत्या भरतीच्या असतात, कामाच्या नसतात. अँटिबॉडी कमी बनतात. म्हणून फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि जिवंत विषाणूची कुठलीही लस नाही. अंगावर नागीण उठली तर त्याच दिवशी दाखवायचं. चिखलात उतरताना गमबूट, पायाला भेग किंवा जखम असेल तर उतरायचंच नाही. आणि ताप 100.4 च्या वर गेला तर 'उद्या बघू' नाही. इथे अँटिबायोटिक लगेच द्यावं लागेल. मघाशी ज्या औषधाला मी नावं ठेवली तेच. डोळे अचानक पिवळे दिसले आणि थकवा आला तरी थांबू नका, या आजारात शरीर कधीकधी स्वतःच्याच लाल पेशी फोडतं.

थोडक्यात करायचं ते एवढंच: जुना रिपोर्ट शोधा, गाठी-पानथरी तपासून घ्या, जुलैअखेर ताजी स्लाइड आणि फ्लो, मग एक भेट तज्ज्ञांची. रेशनकार्ड आणि आधार फाईलमध्येच ठेवा, पुढे उपचार लागले तर जन आरोग्य योजनेसाठी ते मागतात.

राहिला चौथा प्रश्न, सांगायचं का. फ्लोचा रिपोर्ट हातात येईपर्यंत सांगण्यासारखं काही नाहीच, 'लिम्फोसाइट वाढल्यात, एक तपासणी बाकी आहे' एवढं खरं सांगा. त्यानंतर मात्र लपवू नका. माझ्याकडे एका घराने सगळं लपवलं होतं. वडिलांना वाटलं, पोरं उगाच दर तीन महिन्यांनी रक्त काढायला लावतात, त्यांनी येणं बंद केलं आणि दीड वर्षाने न्यूमोनियातच परत भेटले. तुमचे बाबा कलमं लावणारे आहेत. त्यांना 'हे झाड सध्या नुसतं राखायचं, छाटणीची वेळ आलेली नाही' असं सांगितलंत तर कळेल. गणपतीला गावी जालच, तोपर्यंत रिपोर्ट आलेला असेल. आरत्या झाल्या, पाहुणे पांगले की पडवीत बसून बोला, आणि त्या वेळी मोबाईल उघडून काही वाचून दाखवू नका.